खुलासा : नळीची वाट 'सोपी, तीन तासांची' नाही

'हरिश्चंद्रगडावर बेलपाड्याहून नळीच्या वाटेने तीन तासांत थेट कोकणकडा (गडाचा कोकणाच्या बाजूचा उभा कडा), लहान मुलांनाही जमेल' असा मेसेज सध्या ट्रेकच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि जिवावर बेतू शकतो.

दोन-तीन तासांत माणूस वर पोहोचतो तो पायथ्याच्या पाचनई गावाहून. कुणीतरी तिथला वेळ उचलून नळीला चिकटवला असावा. खिरेश्वर गावाहून टोलारखिंडीची वाट त्याहून लांब आणि दमवणारी. तिथल्या कातळावर आधाराला रेलिंग आहे.

नळीला तसलं काही नाही. बेलपाडा खाली कोकणात, मुरबाड तालुक्यात. तिथून कड्याच्या बाजूची अरुंद घळ चढायची. छातीएवढे धोंडे, पाय ठेवला की सरकणारी दगडमाती, मध्ये दोर लावावा लागणारे कातळटप्पे. मी हिवाळ्यात गेलो होतो, सरावलेल्या मंडळींबरोबर; पहाटे निघून माथ्यावर पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या खांद्याजवळून गेला, तो आवाज अजून कानात आहे. पावसाळ्यात याच घळीतून पाणी आणि दगड दोन्ही येतात. तेव्हा तिकडे जाऊच नका.

पोरांना घेऊन जायचंय? पाचनई धरा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.