उपग्रहाच्या प्रतिमांत रंग भरलेले असतात, म्हणून त्या खोट्या?

व्हॉट्सअ‍ॅपवर आणि यूट्यूबवर एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. उपग्रहाकडून येणारं मूळ चित्र काळंकुट्ट असतं. त्यात कॉम्प्युटरवर रंग भरतात. म्हणूनच जंगल कधी हिरवं दिसतं, कधी लालभडक, आणि एकाच जागेची दोन चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत. सॉफ्टवेअरने हवं ते दाखवता येतं, तेव्हा नासा असो की इस्रो, या चित्रांवर विश्वास ठेवू नका.

या दाव्यातली सुटी वाक्यं बरीचशी खरी आहेत, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. मूळ फाइल खरंच काळी दिसते. जंगल खरंच लाल दाखवतात. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. माझं रोजचं काम या प्रतिमांवरच चालतं. पिकाखालचं क्षेत्र किती, धरणात पाणी कुठवर आहे, पूर कोणत्या गावात शिरला, हे ठरवताना या प्रतिमा वापरतात. उद्या पूररेषेचा नकाशा समोर आला आणि गावाने “हे सगळं रंगवलेलं असतं” म्हणून तो बाजूला सारला, तर नुकसान गावाचंच होईल. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

पहिला मुद्दा, “मूळ चित्र काळं असतं, ते नंतर उजळवतात.”

हो, काळं दिसतं. पण फाइलमध्ये चित्र नसतंच, आकडे असतात. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाचं उदाहरण घेऊ. जमिनीवरून किती प्रकाश परत आला, हे त्याचा सेन्सर मोजतो आणि प्रत्येक पिक्सेलसाठी एक आकडा पाठवतो. आपल्याला मिळणाऱ्या फाइलमध्ये ० पासून ६५,५३५ पर्यंतच्या आकड्यांना जागा असते. प्रत्यक्षात पाणी, झाडं, माती यांचे आकडे काहीशे ते तीन-चार हजार एवढेच भरतात. त्यावरचे आकडे दाट ढग, बर्फ किंवा चकाकणारे पत्रे असतील तेव्हा येतात. उरलेली जागा रिकामीच राहते.

आता एखाद्या शेताचा आकडा १५०० आहे असं समजा. फोटो बघायचं साधं सॉफ्टवेअर ६५,५३५ म्हणजे पूर्ण पांढरा असं धरून चालतं. पडद्यावर एका रंगाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. १५०० ला ६५,५३५ ने भागून २५५ ने गुणलं, की उत्तर सहाच्याही आत येतं. २५५ पैकी ६ म्हणजे डोळ्यांना काळाच. शेजारच्या शेताचा आकडा १८०० असेल, तर तो ७ होतो. दोन शेतांत फरक आहे, सेन्सरने तो मोजलाही आहे, पण आपल्याला तो दिसत नाही.

इथे स्ट्रेच कामाला येतो. हिस्टोग्राम, म्हणजे कोणता आकडा किती पिक्सेलमध्ये आला याचा आलेख, पाहिला की कळतं, या दृश्यातले बहुतेक आकडे ३०० ते ३००० च्या दरम्यान आहेत. मग सॉफ्टवेअरला सांगायचं, ३०० म्हणजे काळा, ३००० म्हणजे पांढरा, मधले सगळे त्या प्रमाणात बसव. आता १५०० चा पडद्यावर ११३ होतो आणि १८०० चा जवळपास १४२. दोन शेतं वेगळी दिसू लागली. कोणत्याही शेतात नवं काही घातलेलं नाही, आणि १८०० वालं शेत आधीही जास्त उजळ होतं, आताही आहे.

हे कुणालाही पडताळून पाहता येतं. नकाशे आणि उपग्रहाच्या प्रतिमा बघायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात एखादा बँड, म्हणजे एकाच प्रकारच्या प्रकाशाच्या आकड्यांची फाइल, उघडा. दोन्ही टोकांचे दोन-दोन टक्के पिक्सेल सोडून स्ट्रेच करायची सोय त्यात आहे. आता आयडेंटिफायचं बटण निवडून कुठल्याही पिक्सेलवर क्लिक करा. येणारा आकडा मूळचा असतो. स्ट्रेच बदला, चित्र पांढरंफटक होऊ द्या किंवा काळं होऊ द्या, आणि त्याच पिक्सेलवर पुन्हा क्लिक करा. आकडा तोच. फाइलला हात लागलेलाच नाही, फक्त ती पडद्यावर कशी मांडायची ते बदललं.

याचा तोटा नाही असं मी म्हणणार नाही. टोकाचे दोन टक्के सोडले की तिथला फरक बुजतो. मिठागरं, ढग आणि सिमेंटची मोठी छपरं सगळी सारखीच पांढरी दिसतात. उलट हिस्टोग्राम इक्वलायझेशन, म्हणजे सगळ्या छटांत पिक्सेल सारखे वाटून देणारा स्ट्रेच, वापरलं तर किरकोळ फरकही ठसठशीत होतो आणि एरवी सारख्या असलेल्या माळावर पट्टे उठून दिसतात. त्यामुळे नुसत्या उजळवलेल्या चित्राकडे बघून क्षेत्र मोजू नये. जाणकार तसं मोजत नाहीत, हिशोब मूळ आकड्यांवर होतो.

दुसरा मुद्दा, “रंग कॉम्प्युटर भरतो.”

मोबाइलचा कॅमेराही तेच करतो. त्यातल्या सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. ठिपक्याला कळतो तो फक्त उजेड कमी की जास्त. रंगीत फोटो तयार होतो तो त्यानंतर, सॉफ्टवेअरमध्ये. उपग्रहावर गाळण्यांच्या जागी बँड असतात. लाल प्रकाशाचा बँड वेगळा, हिरव्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा, आणि सुटा उघडला तर प्रत्येक बँड करड्या रंगाचाच दिसतो. अमेरिकेच्या लँडसॅट-८ या उपग्रहाचे ४, ३, २ हे बँड अनुक्रमे पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगाला जोडले, की डोळ्यांना दिसलं असतं त्याच्या जवळपासचं चित्र मिळतं. नियम साऱ्या चित्राला एकच असतो. अमुक गावाच्या शिवारात हिरवा भर, तमुक गावाच्या नको, असं कुणी ठरवत नाही.

२०२० च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा हाच मुद्दा कसाला लागला. नासाने लँडसॅट-८ च्या २५ मे आणि १० जूनच्या प्रतिमा शेजारीशेजारी प्रसिद्ध केल्या. पहिल्या प्रतिमेत पाणी हिरवट होतं, दुसरीत गुलाबी. सरोवराची रुंदी साधारण सव्वा किलोमीटर आणि पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जेमतेम चाळीसेक पिक्सेल. तेवढ्यातही बदल स्वच्छ दिसला. रंग उगाच भरलेला असता तर काठावर उभ्या असलेल्या लोकांना तो दिसला नसता. त्यांना तो दिसला, त्यांनी फोटो काढले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाणी तपासल्यावर खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्याचं कारण असल्याचं पुढे आलं. डोळे, प्रयोगशाळा आणि ७०५ किलोमीटरवरून फिरणारा उपग्रह, तिघांचं म्हणणं एकच निघालं.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. “जंगल लाल दाखवतात, म्हणजे फसवणूक उघडच आहे.”

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं, हिरवा थोडा परत पाठवतं, आणि आपल्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड मात्र भरभरून परत पाठवतं. साधारण चाळीस ते पन्नास टक्के. ही मोठी खूण आहे, पण आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही आणि पडद्यावरही इन्फ्रारेड नावाचा रंग नाही. मग तो बँड पडद्याच्या लाल रंगाला जोडतात, लाल बँड हिरव्याला आणि हिरवा बँड निळ्याला. हाच एफसीसी, म्हणजे फॉल्स कलर कॉम्पोझिट. नावातच ‘फॉल्स’ आहे, लपवलेलं काहीच नाही. लालच का, याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात हिरव्या रंगाखाली दडवलेले रणगाडे खऱ्या झाडांपासून वेगळे ओळखण्यासाठी इन्फ्रारेडची रंगीत फिल्म वापरात आली. तिच्यात जिवंत झाडी लाल उठायची आणि हिरवा रंग फासलेलं लोखंड लाल उठायचं नाही. १९७२ मध्ये पहिला लँडसॅट गेला तेव्हा हीच पद्धत पुढे चालू राहिली.

आणखी एक गोष्ट हा दावा पुढे ढकलणाऱ्यांच्या गावीही नसते. इस्रोच्या लिस-३ आणि लिस-४ या कॅमेऱ्यांना निळा बँडच नाही. निळा प्रकाश हवेत सगळ्यात जास्त विखुरतो, त्यामुळे त्या बँडमध्ये धूसरपणा जास्त आणि जमिनीची माहिती कमी येते. पीक आणि जंगल बघायचं तर हिरवा, लाल आणि निअर इन्फ्रारेड एवढ्यांवर काम भागतं. म्हणजे या कॅमेऱ्यांच्या प्रतिमा नैसर्गिक रंगात दाखवायच्या म्हटलं, तरी तीन रंगांतला एक मोजलेलाच नाही. एफसीसी ही तिथे हौस नाही, हातात असलेल्या बँडची प्रामाणिक मांडणी आहे.

एप्रिल-मेमध्ये उजनीच्या परिसराची एफसीसी बघा. जलाशय जवळजवळ काळा दिसतो, कारण पाणी इन्फ्रारेड शोषून घेतं. त्यामुळे काठाची रेघ इतकी स्वच्छ दिसते की पाणी कुठवर मागे सरकलंय ते लगेच कळतं. कालव्याच्या पट्ट्यात उभा ऊस लालजर्द. कापणी झालेली काळी रानं निळसर करडी. गावं फिकट निळसर. हाच परिसर नैसर्गिक रंगात बघितला तर ऊस, बाभळीची झुडपं आणि शेवाळलेलं पाणी सगळं एकसारखं मळकट हिरवं दिसतं. लाल रंगाने इथे काही लपवलं नाही, उलट डोळ्यांना न दिसणारं दाखवलं.

रडारच्या प्रतिमांना तर रंगच नसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पुराखाली होतं, तेव्हा वर ढगांची चादर होती, आणि साधा कॅमेरा ढगांच्या पलीकडे बघू शकत नाही. रडारचे तरंग ढगांतून आणि रात्रीही जमिनीपर्यंत पोहोचतात. संथ पाण्यावरून ते आरशासारखे दुसरीकडे परावर्तित होतात, उपग्रहाकडे फारसे परतत नाहीत, म्हणून पूर काळा दिसतो. अशा प्रतिमेवर “काळी आहे, म्हणजे खोटी” असं म्हणणाऱ्याने पुरालाच नाही म्हटलं.

चौथा मुद्दा, “एकाच जागेची दोन चित्रं जुळत नाहीत.” इथे मात्र सावध राहायलाच हवं. प्रत्येक प्रतिमेचा स्ट्रेच तिच्या स्वतःच्या आकड्यांवरून ठरतो. एका कोपऱ्यात ढग आले की हिस्टोग्राम बदलतो आणि बाकीचं चित्र गडद होतं. सूर्याची उंची आणि हवेतली धूळही बदलते. म्हणून दोन तारखांची तुलना करताना हवेचा परिणाम काढून टाकलेलं परावर्तन, म्हणजे जमिनीने किती टक्के प्रकाश परत पाठवला तो आकडा, घ्यावं आणि स्ट्रेचच्या मर्यादा दोन्हींना एकच ठेवाव्यात. हे न करता मराठवाड्याची ऑक्टोबरमधली हिरवीगार प्रतिमा आणि एप्रिलमधली तपकिरी प्रतिमा शेजारी लावून “बघा, जंगल संपलं” असं जेव्हा कुणी लिहितं, तेव्हा मला खरोखर संताप येतो. प्रतिमा दोन्ही खऱ्या असतात, तुलना खोटी असते.

“सॉफ्टवेअरने झूम करून गाडीची नंबर प्लेटही वाचतात” हा पाचवा मुद्दा लवकर संपतो. सेंटिनेल-२ चा सगळ्यात बारीक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. त्या गुंठ्यात विहीर, गोठा आणि आंब्याचं झाड असेल, तर तिघांचा मिळून एकच आकडा येतो. लँडसॅटच्या पिक्सेलमध्ये सुमारे नऊ गुंठे मावतात. झूम करून क्युबिक रीसॅम्पलिंग, म्हणजे शेजारच्या पिक्सेलवरून मधले आकडे काढण्याची पद्धत, लावलं की कडा मऊ होतात, माहिती वाढत नाही. बाजारात मिळणाऱ्या चांगल्यात चांगल्या प्रतिमांचा पिक्सेल ३० सेंटिमीटरच्या आसपास आहे. गाडीची पाटी ५० सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर उंच आणि वर उभी, ती आकाशाकडे तोंड करून नसते. एआयने “स्पष्ट” केलेल्या प्रतिमांमध्ये मात्र तपशील खरोखरच बनावट असतो, तो यंत्राने अंदाजाने भरलेला असतो. त्या पुरावा म्हणून कुणी वापरू नयेत.

राहिला शेवटचा मुद्दा, “सॉफ्टवेअरने लोकांना फसवतात.” दर दिवाळीला फिरणारं ते रंगीबेरंगी भारताचं चित्र आठवा, “दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत, नासाकडून”. ते एका रात्रीचं चित्रच नाही. अमेरिकेच्या नोआ या संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी हवामान उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून ते २००३ मध्ये तयार केलं, वस्ती कशी वाढत गेली हे दाखवायला. पांढरा रंग १९९२ च्या आधीपासून दिसणाऱ्या दिव्यांचा. १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसू लागलेल्या दिव्यांना अनुक्रमे निळा, हिरवा आणि लाल. सॉफ्टवेअरने केलेलं काम चोख होतं. खोटी होती ती नंतर कुणीतरी चिकटवलेली ओळ. २०१२ मध्ये नासाने सुओमी एनपीपी उपग्रहाने १२ नोव्हेंबरच्या रात्री, दिवाळीच्या दिवसांत टिपलेली खरी प्रतिमा प्रसिद्ध केली. ती जवळपास एकरंगी आहे, आणि शहरांचे दिवे नीट दिसावेत म्हणून उजळवली आहे, हे सोबतच्या मजकुरात लिहिलेलं होतं. दिवाळीच्या दिव्यांचा जादा उजेड इतका थोडा असतो की तो अंतराळातून जाणवणं अवघड, हेही त्यातच होतं.

तेव्हा एखादी प्रतिमा आली की उपग्रह कोणता, तारीख कोणती आणि कोणते बँड कोणत्या रंगाला जोडले, हे विचारा. २०१५ नंतरची असेल तर सेंटिनेलच्या प्रतिमा दाखवणाऱ्या युरोपच्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर तीच जागा, तीच तारीख काढून नैसर्गिक रंग आणि फॉल्स कलर दोन्ही लावून बघता येतं. त्याआधीची असेल तर अमेरिकेच्या अर्थ एक्सप्लोरर संकेतस्थळावर १९७२ पासूनचे लँडसॅट आहेत, आणि इस्रोच्या उपग्रहांसाठी हैदराबादच्या एनआरएससी या इस्रोच्याच केंद्राचं भूनिधी हे संकेतस्थळ आहे. लँडसॅट आणि सेंटिनेलच्या मूळ फाइल फुकट उतरवता येतात.