शुक्रवारी पाच वाजता सर्वांनी एकत्र यायचे आहे

घरून काम करणारा माणूस खरोखर काम करतो, असे कोल्हापुरात कोणी मानत नाही. तो लॅपटॉप उघडून बसलेला दिसला की दळण आणणे, गॅसच्या सिलिंडरसाठी थांबणे आणि शेजारच्या काकूंच्या मोबाइलमधून गायब झालेले फोटो शोधून देणे ही कामे त्याच्याकडून हक्काने करून घेतली जातात. म्हणून मी राजारामपुरीतल्या एका को-वर्किंगमध्ये, म्हणजे सामायिक ऑफिसात, भाड्याने टेबल घेतले. वायफाय, एसी आणि कोणी काही न विचारण्याची सोय एवढीच माझी अपेक्षा होती. परंतु भाड्यात ‘कम्युनिटी’चाही समावेश होता, आणि ती नको असली तरी भाडे कमी होत नव्हते.

ती बांधण्यासाठी कंत्राटावर एक मॅनेजरबाई नेमलेल्या होत्या. त्यांच्या उत्साहाला परंपरा होती, हे मान्य केले पाहिजे. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरने स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठी अशी जागा सुरू केली, तेव्हा कामाचे स्वातंत्र्य आणि ऑफिसातली सोबत दोन्ही एकदम मिळावीत हाच त्याचा हेतू होता. त्यात एकत्र जेवणाचा आणि ध्यानाचाही बेत होता. पहिला महिनाभर तिकडे कोणी फिरकलेच नाही. त्या महिन्यातल्या न्यूबर्गचा मला मनापासून हेवा वाटतो.

आमच्याकडे दर शुक्रवारी पाच वाजता गोल करून बसायचे, लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा आणि ज्याच्या हाती तो येईल त्याने आपले नाव, काम आणि ‘आपल्याबद्दल कोणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट’ सांगायची, असा नियम होता. ज्या गावात पहिल्या वाक्याला पेठ आणि दुसऱ्या वाक्याला मामाचे नाव विचारले जाते, तेथे अशी गोष्ट शिल्लक तरी कशी राहावी? तरीही फुटबॉलवेड्या मंगळवार पेठेतल्या एका ग्राफिक डिझायनरने धीर करून सांगितले, की त्याला फुटबॉल आवडत नाही आणि त्याने शाहू स्टेडियमवर आजवर एकही मॅच पाहिलेली नाही. खोलीत शांतता पसरली. “आणि मंगळवार पेठेत राहतोयस व्हय?” असे म्हणत शिवाजी पेठेतला व्हिडिओ एडिटर ताडकन उठला, त्याबरोबर त्याच्या हातातली लोकर चार्जरच्या वायरींत गुंतली आणि दोन लॅपटॉप खाली आले. त्यानंतर सगळ्यांचे हेडफोन जे कानांवर चढले ते उतरेनात. मॅनेजरबाईंनी भिंतीवर सर्वांचे फोटो लावले, तर लोक फोटोंकडे पाठ करून बसू लागले.

पुढे एके दुपारी पेंट्रीत चहा ओतता ओतता एक लेखिका स्वतःशीच पुटपुटल्या, “पार्टीनं दिवाळीपासून बिलाचे पैसे अडकवलेत.”

हेडफोन पटापट उतरले. काच बंद असताना, कानांत गाणी चालू असताना हे वाक्य सर्वांना कसे ऐकू गेले, हे मला अद्याप उमगलेले नाही. लोकांची जीएसटी रिटर्न भरून देणाऱ्या एका काकांनी तेथेच खुलासा केला, की ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. लेखिकाबाईंची नोंदणी होती. मग पत्र लिहायला सगळे बसले. डिझायनरने लेटरहेड केले. एडिटरने सुचवलेले पहिले वाक्य येथे छापण्याजोगे नाही. सर्वांत मोठा वाद मात्र शेवटच्या ओळीवरून झाला: व्याजाची धमकी दिल्यावर ‘कळावे, लोभ असावा’ लिहावे की नाही? काकांच्या मते कायदा आपल्या जागी आणि रीत आपल्या जागी. लोभ राहिला.

पैसे आले, दहा टक्के टीडीएस कापून आले, आणि तो टीडीएस आयकराच्या पोर्टलवर कधी दिसणार यावर एक संध्याकाळ फार रंगली. पुढच्या शुक्रवारी मॅनेजरबाईंनी लोकर बाजूला ठेवली आणि फोटोंच्या जागी ‘ज्यांची बिले थकली आहेत त्यांनी नावे लिहावीत’ असा कागद लावला. संध्याकाळपर्यंत तो पुरेना. दुसऱ्या कागदावर वरचेच नाव मॅनेजरबाईंचे होते, आणि थकबाकीदाराच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिले होते: ‘या जागेचे मालक’.