हसण्याबद्दल, आणि टिटवीच्या अंड्यांबद्दल

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. घाईत दोन ओळी लिहून मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून आज रविवारचा निवांत बसले आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या मजेशीर आणि विचित्र प्राण्यांबद्दल लिहिलं होतं. टिटवीचं सोंग, सातभाईंची भांडणं, शेणाचा गोळा ढकलणारा किडा, असं सगळं. दादा खानापूर तालुक्यात भात आणि ऊस करतात. त्यांचं म्हणणं असं, की मुक्या जनावरांना हसणं बरं नव्हे. ज्याच्या भातात गवे उतरतात त्याला विचारा किती हसू येतं. आणि जंगल संपत चाललेलं असताना असल्या गमती लिहिणं म्हणजे खऱ्या प्रश्नाला बगल देणं. शिवाय टिटवीच्या फोटोखाली त्यांनी एकच ओळ विचारली होती: 'तेवढ्या वेळात अंड्यांचं काय झालं?'

त्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण ती मला लागली.

येळ्ळूरच्या रस्त्याला एका पडीक रानात ती टिटवी होती. एप्रिलमधली सकाळ, साडेदहा वाजून गेलेले. खड्यांमध्ये चार अंडी, मातकट, वर काळे डाग. पाय पडला असता तरी कळलं नसतं. मी जवळ गेले तशी ती ओरडत उठली, वीस पावलांवर जाऊन खाली बसली, जणू अंडी तिथेच आहेत. मी हलले नाही हे बघून एक पंख फरफटत लंगडायला लागली. मी तिच्या मागे चार पावलं गेले, फोटो काढला, परत आले. तिने पुन्हा तेच केलं. असं मी तिला तीन वेळा करायला लावलं. आणि लेखात लिहिलं, 'काय अभिनय!'

उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त. पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, ती थंड राहावीत म्हणून. हे मला माहीत होतं. तरी दहा-बारा मिनिटं तिला उन्हात उठवून ठेवलं. दादा, हे माझं चुकलं. तो फोटो काढून टाकला आहे. टिटवी लंगडायला लागली की आल्या वाटेने मागे फिरायचं, हे त्या लेखात आता पहिल्या परिच्छेदात आहे.

पण हसणंच वाईट, हे मात्र मी मान्य करणार नाही. चूक मी हसले म्हणून झाली नाही. मला आणखी एकदा बघायचं होतं, म्हणून झाली.

आपल्या माणसांनी पाखरांना नावं कशी दिली बघा की. तारेवर बसणारा तो हिरवा, लांब शेपटीचा पक्षी तारेवरून सूर मारतो, हवेत माशी धरतो, परत त्याच जागी येऊन बसतो आणि ती तारेवर आपटत राहतो. दिवसभर हेच. त्याला कुणीतरी 'वेडा राघू' म्हटलं. ज्या बुलबुलाचं बूड लाल त्याला 'लालबुड्या'. ज्या पाखरांचं टोळकं झुडपाखाली पाचोळा उकरत अखंड कलकलाट करतं ते 'सातभाई'. ही नावं देणारा माणूस हसला असणार, पण त्याआधी पुष्कळ वेळ बघत उभा राहिला असणार. मधमाशी नांगीसकट गिळता येत नाही, म्हणून राघू तिला आपटतो आणि घासतो, हे त्या 'वेडा' म्हणणाऱ्याच्या नजरेतून सुटलेलं नाही.

आणि आपण तर दोन भाषांतली माणसं. मराठीत ज्याला खवल्या मांजर म्हणतो त्याला कन्नडमध्ये 'चिप्पु हंदी' म्हणतात, म्हणजे कवचाचं डुक्कर. ते मांजर नाही आणि डुक्करही नाही. तोंडात एक दात नाही, लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी खातं, आणि अंगावरची खवलं आपल्या नखांच्याच पदार्थाची.

माझं माहेर जांबोटीच्या बाजूचं. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका पहाटे आमच्या काजूच्या बागेत खवल्या मांजर सापडलं. सापडलं म्हणजे एक गोळा. नारळाच्या ढिगाशेजारी आणखी एक मोठा नारळ असावा तसा. पाच-सहा माणसं जमली. कुणी काठीने ढोसलं, कुणी म्हणालं अपशकुन, मारून टाका. माझे आजोबा उकिडवे बसले आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. बराच वेळ गेला. मग गोळ्याला फट पडली. आधी नाक आलं, ओलं, हलणारं. मग मण्याएवढा डोळा. मग ते हळूच मागच्या पायांवर उभं राहिलं, पुढचे दोन्ही पाय छातीशी धरले आणि मान वर करून वास घेतला, मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखं. जो 'मारा' म्हणत होता तो आधी हसला. मग सगळे हसले. ते बांधापर्यंत डुलत गेलं आणि कुणीही काठी उचलली नाही.

दादा, मी हसण्याच्या बाजूने का आहे याचं मूळ त्या पहाटेत आहे.

उलट मांडूळ घ्या. त्याला कुणी हसत नाही. त्याला सगळे फार गंभीरपणे घेतात. दोन तोंडांचा, गुप्तधन दाखवणारा, इतक्या वजनाचा असला तर इतके लाख. खरं तर ते मांडुळाचं साधं सोंग आहे. शेपूट डोक्यासारखीच बोथट असते. धोका वाटला की डोकं वेटोळ्यात लपवायचं आणि शेपूट पुढे करायची. विषारी नाही, शेतातले उंदीर खातं. बघणाऱ्याने 'अरे, हा फसवतोय' म्हणून हसून सोडलं असतं तर किती मांडुळं पोत्यात मेली नसती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, पण पोत्यात घालणाऱ्याच्या मनात कायदा नसतो, कुणीतरी सांगितलेला आकडा असतो.

आता जंगलाच्या प्रश्नाला बगल देण्याबद्दल. तुमच्याच तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथे एक वटवाघूळ राहतं. कान एवढे मोठे, की चेहऱ्यावर टोपी ओढल्यासारखे पुढे आलेले. चित्र दाखवलं की पोरं खिदळतात आणि बायका तोंड वाकडं करतात. १९१३ साली ऑल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याची शास्त्रात नोंद केली आणि रॉटन या वन अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. त्यानंतर ऐंशीहून जास्त वर्षं जगात ते फक्त याच गुहांमधून माहीत होतं. पुढे कंबोडिया आणि मेघालयात सापडलं. २०११ मध्ये याच भागात भीमगड अभयारण्य झालं. त्या जंगलाची महती सांगताना वाघाइतकंच या कानवाल्याचं नाव घेतलं जातं. माझ्या शेजारच्या पोराला महादई नदी आणि भीमगड हे शब्द बातम्यांतून कधी कळले नव्हते. ते कान बघितल्यावर त्याने विचारलं, 'हे कुठं असतंय?' मग नकाशा उघडला.

शेणकिड्याबद्दल तुम्ही म्हणालात, त्यात काय बघायचं. दक्षिण आफ्रिकेत संशोधकांनी शेणकिड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या छोट्या टोप्या चढवल्या. आकाश दिसेनासं झालं तसे किडे सरळ जायचे थांबून भरकटले. त्यातूनच कळलं, की चंद्र नसलेल्या रात्री हा किडा आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतो. २०१३ मध्ये या कामाला इग नोबेल मिळालं, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. मी टोप्यांवर हसले आणि त्या रात्री गच्चीवर जाऊन आकाशगंगा शोधली. बेळगावच्या दिव्यांत ती दिसली नाही.

राहिले गवे. शहरात बसून असं लिहायला सुचतं म्हणालात त्याचा राग नाही, तुम्हाला माझं माहेर ठाऊक नव्हतं. माझा भाऊ अजून तिथेच भात करतो. कापणीच्या आधीचे पंधरा दिवस तो माळ्यावर राखणीला झोपतो, झोपतो म्हणजे जागाच असतो. एका वर्षी एका रात्रीत त्याचा अर्धा वाफा आडवा झाला. भरपाईचे कागद, पंचनामा, हेलपाटे, सगळं मी जवळून बघितलं आहे. गवे आवडतात म्हणून ते नुकसान मी कधी लहान करून सांगणार नाही, आणि त्याबद्दल वेगळं लिहायचं कबूल करते. तुम्ही आकडे आणि अनुभव दिलेत तर तुमच्या शब्दांत लिहीन.

पण भावानेच सांगितलेली एक गोष्ट इथे सांगते. गेल्या नोव्हेंबरात तो आवाज ऐकून उठला. बॅटरी घाईत खाली धरलेली, म्हणून उजेड जमिनीलगत पडला. हजार किलोच्या आसपासचं ते काळं धूड अंधारातच राहिलं. दिसले फक्त गुडघ्याखालचे पांढरे पाय. चार पांढरे मोजे भातात उभे. मग शेजारी आणखी चार. त्यांच्या मागे लहान चार. 'शाळेची रांग आल्यागत,' तो म्हणाला. डबा बडवायच्या आधी तो क्षणभर तसाच बघत राहिला. मग बडवला, जोरात, गवे गेले, आणि सकाळी त्याने तुडवलेलं भात उचललं. मला फोनवर त्याने नुकसान आधी सांगितलं, आणि मोजे नंतर.