सीमावाद चालू दे, पुराचं काम का थांबावं?

कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची कर्नाटकची इच्छा आणि त्याला पुराच्या भीतीनं सांगली-कोल्हापूरचा विरोध, यावर आमच्या कर्नाटकातल्या चिकोडीकडच्या ग्रुपवर सतत भांडण चालतं. "आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग एकत्र बसू," असं तिथले माझे मराठी मित्र म्हणतात. १९५६ पासूनचं हे दुखणं मलाही आहे. कागदपत्रं मराठीतून मिळालीच पाहिजेत. पण सीमाभागासाठीचा महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, आणि कृष्णा निकालासाठी थांबत नाही.

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथली बरीच जमीन समुद्रसपाटीच्या खाली. बांध, कालवे, उपसा हे सगळं पाणी मंडळं बघतात. त्यांतली काही तेराव्या शतकापासूनची. त्यांचा कर वेगळा, निवडणूकही वेगळी. जुन्या काळी आपल्या वाट्याचा बांध ज्याला राखता येईना, त्यानं त्यात फावडं रोवून जमीन सोडायची. जो ते फावडं उपसेल, त्याची जमीन आणि बांधाचं ओझंही त्याचंच. फार कठोर नियम, पण सगळ्यांना माहीत असलेला. पुढे कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांच्या शाळा, वर्तमानपत्रं, कामगार संघटनासुद्धा वेगळ्या झाल्या. पाण्याचं मंडळ मात्र दोघांचं एकच राहिलं.

माणसं जुळवून घेतात ती मनं जुळल्यावरच, हे मला पटत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच अभ्यासाबद्दल. पाणी, जंगल, मासेमारी लोक मिळून सांभाळतात, कधी? नियम त्यांनी स्वतः केलेले असतात, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच असतो, आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक दंड होतो तेव्हा.

आपल्याकडचा पैरा वेगळा काय असतो? आज तुमच्या रानात, उद्या माझ्या. कानडी बोलणाऱ्या शेजाऱ्याचा पैराही फेडावाच लागतो, कारण पुढच्या हंगामात गाठ त्याच्याशीच आहे.

मग महाराष्ट्रातल्या शिरोळपासून चिकोडीपर्यंतच्या नदीकाठच्या गावांची एक समिती का नको? शिरोळकडच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी सुटलं ते खाली चिकोडीकडच्या कल्लोळ-येडूरला वेळेत कळावं, नावा कुठे ठेवायच्या, जनावरं कुठे हलवायची हे पावसाळ्याआधी ठरावं. वर्गणी गावांची, निवडणूक गावांची, कामकाज मराठी आणि कानडी दोन्हींत. अशानं आपला दावा कमकुवत होईल, अशी भीती काहीजण घालतात. २०१९ च्या ऑगस्टात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना आधी विचारा.