काळा घोडा, पुणे ३८

मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांना ठाऊक असतात. त्यातला व्याधाच्या बाजूचा तो अल्निटाक. त्याच्या जेमतेम अर्धा अंश दक्षिणेला एक घोडा मान वर काढून उभा आहे. १८८८ साली हार्वर्ड वेधशाळेत, फोटोच्या एका काचेच्या प्लेटवर विल्यमिना फ्लेमिंगबाईंच्या नजरेला तो पडला, आणि पुढे जगभरच्या हौशी मंडळींची झोप गेली. हा घोडा म्हणजे धुळीचा काळा ढग, इंग्रजीत हॉर्सहेड नेब्युला. मागे हायड्रोजनचा मंद लाल पडदा आहे, म्हणून दिसतो इतकंच. थोडक्यात, फोटो काढायचा अंधाराचा आणि राहायचं कोथरूडला.

गच्चीवरून जमतच नाही असं नाही. तो लाल प्रकाश नेमका ६५६.३ नॅनोमीटरचा. तेवढीच पट्टी आत सोडणारा नॅरोबँड फिल्टर लावला की मंगल कार्यालयाची रोषणाई बरीचशी बाहेर राहते. पण साध्या डीएसएलआरच्या सेन्सरवर एक काच बसवलेली असते आणि ती नेमका हाच लाल बहुतांश अडवते. ती काढून घ्यावी लागते. मग त्या कॅमेऱ्यात मुंजीचे फोटो लालभडक येतात. म्हणून घरातला एकुलता एक कॅमेरा या कामाला लावू नये. हा सल्ला तांत्रिक नाही, कौटुंबिक आहे.

फिल्टर नको असेल तर अमावास्या गाठून वेल्ह्याकडे पळायचं. तिथे अंधार मिळतो आणि दवही मिळतं. भिंगाभोवती हीटरचा पट्टा आणि त्याला १२ व्होल्टची बॅटरी, एवढं नेलं नाही तर मध्यरात्रीनंतर सगळीच आकाशगंगा धूसर.

खरा जाच मात्र ध्रुवाचा. माउंट म्हणजे आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणारी मोटरची बैठक. तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, आणि पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर. म्हणजे बहुतेकांच्या नशिबी समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. त्यात थंड देशांतल्या गिऱ्हाइकांसाठी बनवलेल्या काही माउंटांना इतकं वाकायची सवय नसते. वीस अंशांच्या आसपास स्क्रू संपतो, किंवा वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायावर आपटतो. स्क्रू संपला तर उत्तरेकडचा पाय थोडा आखूड करायचा, उरलेला दीड अंश निघतो. लेव्हलच्या बुडबुड्याकडे मग बघायचं नाही.

एवढी कटकट कशाला? तर आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि ४ मायक्रॉनचा पिक्सेल धरला, तर एका पिक्सेलात मावतात दोनच आर्कसेकंद. मोटर थांबली की सेकंदात तारा सात पिक्सेल पुढे, आणि आपल्याला शटर उघडं ठेवायचंय १८० सेकंद! घोडा उभा-आडवा धरून जेमतेम अडीचशे पिक्सेलांचा. एका ताऱ्यावर नजर ठेवून बसलेला दुसरा, गाइड कॅमेरा मोटरची चूक सावरून घेतो, पण गच्चीवर कोणी विसरलेलं धुणं काढायला आलं की त्याचा आलेख शेअर बाजारासारखा उसळतो. येणाऱ्या काकूंना ‘जरा हळू चाला’ म्हणायची सोय नसते, कारण गच्चीची किल्ली त्यांच्याचकडे असते.

फोकसला बाह्टिनॉव्ह मास्क, म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी, उत्तम. ठळक ताऱ्यावर रोखायचं, किरणांची फुली दिसते, मधली रेघ बरोबर मध्ये आणायची. मास्क काढायचा. पुन्हा लिहितो, मास्क काढायचा. थंडी वाढली की नळी आकसते, म्हणून तासाभरानं हे सगळं पुन्हा. डिसेंबरच्या मध्यात साडेबाराच्या सुमारास मृग मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडतो. तेव्हा दुर्बीण उलटी फिरवावी लागते आणि वायर ताणल्या जातात. डोळा नेमका त्याच वेळी लागतो.

१८० सेकंदांच्या अशा ४० फ्रेम म्हणजे दोन तास. त्या एकावर एक रचल्या की घोडा दिसतो, दाणेदार. दाणा निम्मा करायचा तर फ्रेम दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात: आठ तास.

आणि शेवटी फ्लॅट, म्हणजे नुसत्या सारख्या उजेडाचे फोटो, ज्यांच्या आधारे काचेवरच्या धुळीचे डाग पुसता येतात. याचा कंटाळा केला तर १,४०० प्रकाशवर्षांवरच्या धुळीशेजारी कर्वे रस्त्याची धूळ गोल गोल कड्यांनी उमटते. कॅमेरा न फिरवता, फोकस न हलवता, पहाटेच्या उजेडात दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून बांधायचा आणि तीसेक फ्रेम घ्यायच्या. उजेड सगळीकडे सारखा पडायला हवा, त्यामुळे चुरगळलेला बनियन चालत नाही. बनियनला इस्त्री कशाला, हे इस्त्रीवाल्याला ज्यानं त्यानं आपल्या हिमतीवर समजवावं.