‘महिनाभर सहन करा, शूज आपोआप पायाला बसतील’ : नाही, बसत नाहीत

पाऊस ओसरला, ब्रेव्हेचं (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचं) वेळापत्रक लागलं की ठाणे आणि नवी मुंबईतल्या सायकल ग्रुपांवर एक मेसेज दरवर्षी फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा : क्लिपलेस शूज (तळाला लावलेल्या ‘क्लीट’ या तुकड्याने पेडलमध्ये अडकणारे) घेतले की पाय दुखणारच, घाबरू नका. कोल्हापुरी चप्पल जशी चावून चावून पायाला बसते तसे हेही बसतात, महिनाभर सहन करा. शूज एक नंबर लहानच घ्या, पाय आत हलला की ताकद वाया जाते. सोल कार्बनचाच हवा, जितका कडक तितका उत्तम. क्लीट अगदी पुढे अंगठ्याच्या सांध्याखाली लावा आणि फ्लोट, म्हणजे टाचेची मोकळीक, शून्य ठेवा. बोटं बधिर झाली तर पेडल वर ओढत चालवा, रक्त खेळतं. तरीही दुखलं तर जेलचा इनसोल टाका. आणि शेवटी : क्लिपलेसशिवाय ब्रेव्हे पूर्ण होत नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू नव्या लोकांना धीर देण्याचा असावा. पण हा सल्ला मानून पायाची वाट लावून घेतलेली, आणि ‘सायकलिंग आपल्याला झेपत नाही’ म्हणत चांगली सायकल विकून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं चार मिलिमीटरच्या ॲलन कीने (षटकोनी चावीने) क्लीट सरकवून आणि एक पट्टा सैल करून कमी झालं असतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कोल्हापुरीपासून सुरुवात करू. कोल्हापुरी खऱ्या चामड्याची. तेल लावलं, घाम आणि पायाची ऊब लागली की चामडं सैलावतं. तळही चामड्याचाच, तो पावलागणिक वाकतो. बाजारात मिळणारे बहुतेक सायकलिंग शूज वरून कृत्रिम मायक्रोफायबर किंवा जाळीच्या कापडाचे असतात आणि खालून नायलॉनचे किंवा कार्बनचे. ते ताणले जाऊ नयेत म्हणूनच तसे बनवलेले असतात. आतला फोम थोडा दबतो, टाचेची कातडी जरा निबर होते, एवढंच. म्हणजे टाचेला घासत असेल तर ते काही दिवसांत कमी होऊ शकतं. पण चवड्याखाली आग होते, बोटांना मुंग्या येतात, करंगळीची बाजू ठणकते, हे महिनाभरात काय, वर्षभरातही शूज ‘बसून’ जाणार नाही. खऱ्या चामड्याचे किंवा गरम करून आकार देता येणारे शूज असतात, पण मेसेज काही त्यांच्यासाठी लिहिलेला नाही.

या दोन दुखण्यांतला फरक महत्त्वाचा आहे. चवड्यात पाच लांब हाडांची टोकं एका ओळीत येतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून बोटांकडे जाणाऱ्या नसा जातात. शूजने दोन्ही बाजूंनी आवळलं आणि खालून पेडलने रेटलं की या नसा चिमटतात. तिसऱ्या आणि चौथ्या हाडाच्या मधली नस सगळ्यांत जास्त सापडते. हे रोज होत राहिलं तर नसेभोवतीचा भाग जाड होतो. डॉक्टर त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. मग नुसतं चालतानाही तळव्याखाली खडा आल्यासारखं वाटत राहतं. ‘सहन करा’ सांगणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने ते लिहिलं नसतं. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर बधिरपणाला सवय समजणं धोक्याचं आहे, कारण त्यांच्या पायाची संवेदना आधीच कमी झालेली असू शकते. शूज काढल्यावर काही तासांनीही बोटं बधिर राहत असतील, तर ग्रुपवर विचारत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता ‘एक नंबर लहान घ्या’. क्लिपलेस पेडल आली आणि पाय आवळण्यातून सुटका झाली. त्याआधी शर्यतीतले सायकलपटू पेडलच्या पिंजऱ्यात पाय घालून वरून चामडी पट्टा करकचून ओढत. लूक कंपनीने १९८४ मध्ये स्कीच्या बाइंडिंगच्या धर्तीवर पेडल काढलं, १९८५ मध्ये फ्रान्सचा सायकलपटू बर्नार्ड इनॉ ते वापरून टूर द फ्रान्स जिंकला, आणि पट्टे हळूहळू गेले. पायाला पेडलवर धरून ठेवण्याचं काम क्लीट करते. शूजने फक्त टाच उचलू द्यायची नाही. पुढचा भाग आवळून एक वॅटही वाढत नाही, उलट पट्ट्याचं जुनं दुखणं आपण पुन्हा पायात घालतो.

शिवाय आपले पाय. २००९ मध्ये डाऊट आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यभर अनवाणी चालणारे भारतीय, बूट-चप्पल वापरणारे भारतीय आणि पाश्चात्त्य लोक यांच्या पावलांची तुलना होती. अनवाणी वाढलेल्यांचा पंजा रुंद आणि पाश्चात्त्यांचा निमुळता, हे त्यात स्पष्ट दिसलं. लहानपण अनवाणी किंवा स्लिपरवर गेलेल्या आपल्यातल्या कित्येकांचा पंजा असाच पसरलेला असतो, आणि युरोपीय साच्यावर बेतलेले शूज त्याला आखूड नव्हे, अरुंद पडतात. यावर लोक दीड नंबर मोठा घेतात. तेही चूक. त्याने टाच सटकते आणि क्लीटची भोकं भलतीकडे जातात. रुंद साच्याचा पर्याय मागा. शिमानोसारख्या कंपन्या काही मॉडेल्स ‘वाइड’मध्ये काढतात.

दुकानात एक गोष्ट नक्की करा. शूजमधला इनसोल बाहेर काढा, फरशीवर ठेवा, सायकलिंगचे मोजे घालून त्यावर दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा आणि सोबतच्या माणसाला खाली वाकून बघायला सांगा. करंगळीकडची कड इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो शूज तुमचा नाही, मग सूट कितीही असो. सगळ्यांत लांब बोटापुढे अर्धा-पाऊण सेंटीमीटर जागा हवी. खरेदी संध्याकाळीच करा, कारण दिवसभरात पाय सुजतो, आणि आपल्या दमट हवेत लांबच्या राइडला आणखीच सुजतो. पाम बीच रोडवर वाशी ते बेलापूर फेरी मारताना काही जाणवत नाही आणि तोच शूज खोपोली येईपर्यंत शिकंजा होतो, त्याचं कारण हेच.

पळस्पे फाट्याला चहासाठी थांबलेला ग्रुप कधी नीट बघा. कुणीतरी कठड्यावर बसून शूज काढतो, मोजा खाली करतो, आणि पायाच्या वरच्या बाजूला, बरोबर पट्ट्याखाली, लालभडक आडवी रेघ उमटलेली असते. बोटं हलवली की मुंग्या. खालून काही झालेलंच नसतं. वरून जाणाऱ्या नसा पट्ट्याने दाबल्या गेलेल्या असतात. अशा वेळी पुढचा पट्टा किंवा डायल इतका सैल ठेवा की आत बोटं पसरता येतील, घोट्याजवळचा तेवढा व्यवस्थित आवळा. आणि तासाभराने चालत्या सायकलवरच एक क्लिक सोडा. हे फुकट आहे आणि लगेच कळतं.

कडक सोलबद्दल. २००३ मध्ये जार्बो आणि क्वेसाडा यांनी कार्बन आणि प्लॅस्टिक सोलमध्ये चवड्याखालचा दाब मोजला. कार्बनमध्ये सर्वाधिक दाब सुमारे १८ टक्के जास्त निघाला. मोबदल्यात वेग मिळतो म्हणावं, तर कोलोरॅडो विद्यापीठात नायलॉन आणि कार्बन सोलची स्प्रिंटमध्ये तुलना झाली आणि कामगिरीत फरक सापडला नाही. मात्र याचा अर्थ मऊ सोल चांगला असाही नाही. एसपीडी या शिमानोच्या पेडल-प्रकारातली दोन बोल्टची क्लीट लहान असते. सोल फारच लवचीक असेल तर ती जागा तळव्याला खड्ड्यासारखी टोचते. मध्यम कडक नायलॉन सोल बहुतेकांना पुरतो, आणि पैसेही वाचतात.

क्लीटच्या जागेबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळ्यांत जास्त माणसं इथे उगाच सोसतात. क्लीट जितकी पुढे तितका सगळा दाब चवड्याच्या त्याच हाडांच्या टोकांवर, आणि पोटरीलाही जास्त काम. ती मागे घेतली की भार पायाच्या मधल्या, भक्कम भागाकडे सरकतो. शर्यतीतल्या स्प्रिंटरला पुढची जागा सोयीची वाटू शकते. दिवसभर एका लयीत चालवणाऱ्याला तिचं काही काम नाही.

करायचं असं. शूज घालून, वरूनच बोटाने चाचपून अंगठ्यामागचं हाडाचं टेंगूळ शोधा, तिथे बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावा. मग करंगळीमागचं टेंगूळ शोधा, तिथेही तुकडा लावा. दुसरा तुकडा बराच मागे येईल. पेडलचा आस या दोन खुणांच्या मध्ये, किंवा चवडा जळत असेल तर मागच्या खुणेच्या जवळ यायला हवा. बोल्ट सैल करण्याआधी जुन्या क्लीटभोवती मार्करने रेघ ओढून ठेवा, म्हणजे परत येता येईल. दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या, नेहमीच्याच रस्त्यावर चालवा, मगच पुढचा बदल करा. बरंच मागे घेतलं तर सीट किंचित खाली घ्यावी लागते. डाव्या आणि उजव्या पायाची जागा वेगळी निघाली तर बिघडलं काही नाही, पाय तसेच असतात. आणि बोल्टना ग्रीस लावायला विसरू नका. खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत ते असे गंजून बसतात की ऐन वेळी ॲलन कीने डोकंच गोल होतं. आतल्या बाजूने, इनसोलखाली, बोल्टचं टोक वर आलेलं नाही ना, तेही बघा.

फ्लोट म्हणजे क्लीट लागलेली असताना टाचेला डावी-उजवीकडे मिळणारी मोकळीक. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळीत ६ अंश, निळीत २ आणि लालमध्ये शून्य. शून्य फ्लोटने गुडघा ‘स्थिर’ होत नाही. पावलाला ज्या कोनात राहायचं आहे तिथे जाता आलं नाही की पीळ गुडघ्यात जातो आणि तळव्याची एक कड सतत दाबली जाते. टेबलाच्या कडेवर बसून पाय मोकळे सोडा. पावलं बाहेर वळलेली असतील तर क्लीटलाही तेवढं वळू द्या. नव्या माणसाने पिवळी सोडायचं कारणच नाही.

पेडल वर ओढण्याचा मुद्दा लवकर संपतो. कोर्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की मुद्दाम वर ओढल्याने शरीराची कार्यक्षमता कमी होते. बधिर पायाला मोकळं करायचं असेल तर गिअर हलका करा. येऊरच्या चढावर जड गिअरमध्ये रेटत राहिलं की प्रत्येक फेरीला चवड्यावर जास्त भार येतो. सपाट पाम बीचवर तर पाय थांबतच नाहीत, तिथे अधूनमधून पेडल मारणं थांबवून बोटं हलवा.

जेलचा इनसोल आधीच घट्ट असलेल्या शूजमधली उरलीसुरली जागाही खातो. चवड्याला खरा उपयोग होतो तो कमानीला आधार देणाऱ्या इनसोलचा, किंवा थेंबाच्या आकाराच्या छोट्या पॅडचा. तो पॅड हाडांच्या टोकांखाली लावायचा नसतो, त्यांच्या थोडा मागे लावायचा असतो. तिथे तो टोकांना एकमेकांपासून किंचित लांब करतो आणि मधल्या नसेला जागा मिळते. टोकांखालीच लावला तर दुखणं वाढतं.

राहिलं ते ब्रेव्हेचं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून तासाला पंधरा किलोमीटरपेक्षाही कमी सरासरी. क्लिपलेस हवंच असा कोणताही नियम नाही. स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी २०१६ मध्ये साधे धावण्याचे बूट आणि सपाट पेडल विरुद्ध सायकलिंग शूज आणि क्लिपलेस अशी तुलना केली. एका लयीत चालवताना लागणाऱ्या ऊर्जेत फरक नव्हता. जीव तोडून मारलेल्या स्प्रिंटमध्ये क्लिपलेसने जास्त ताकद मिळते, हेही क्रॅम यांच्याच नंतरच्या, २०२० च्या प्रयोगात दिसलं. पण ब्रेव्हेत स्प्रिंट मारायचा नसतो. वरचं सगळं करूनही पाय दुखत असेल तर या मोसमापुरती सपाट पेडल लावा, बरी पकड असलेले बूट घाला आणि नाव नोंदवा.