एक टीबीची तूट

पावसाळ्यात गोदावरी चढली की नाशिककर क्युसेकच्या भानगडीत पडत नाहीत. नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे; 'दुतोंड्याच्या कमरेला लागलं', 'छातीपर्यंत आलं' एवढं सांगितलं की पलीकडचा समजून जातो. आमच्या संगणकातल्या सी ड्राइव्हची पट्टी जूनपासून अशीच चढत होती. जुलैत ती लाल झाली, तेव्हा मी चिरंजिवांना म्हटलं, "मारुतीच्या गळ्याशी आलंय रे." त्यानं फोनमधून मान वर न काढता सांगितलं, "बाबा, विसर्ग करा."

विसर्ग म्हणजे फोटो पुसणे. गंगापूर धरणातून पाणी सोडायला पाटबंधारे खातं आहे, आमच्याकडे ते खातं सौ.कडे आहे. ती शेजारी खुर्ची ओढून बसली. "हा नको, यात आई आहेत." "हाही राहू द्या, मागे आपला जुना फ्रिज दिसतोय." चाळीस मिनिटांत आम्ही एक फोटो पुसला. माझ्या अंगठ्याचा.

शिवाय संगणक म्हातारा झाला होता. बटण दाबून मी चहा टाकायचो, प्यायचो, कप विसळून यायचो, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच असायचं. शेवटी एम. जी. रोडवरच्या दुकानात गेलो.

"काका, अजून हार्ड डिस्कच आहे?" काउंटरमागच्या पोरानं विचारलं. धोतर नेसून गेलो असतो तरी त्यानं इतकं दचकून पाहिलं नसतं. "एसएसडी टाका."

फरक त्यानं समजावला आणि मी तो माझ्या सोयीनं समजून घेतला. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला 5400 नाहीतर 7200 फेरे घेते आणि वाचणारी दांडी तिच्यावरून आत-बाहेर होत असते. म्हणजे सगळी पंगतच पाटांसकट गरगर फिरतेय आणि वाढपी डाव धरून उभा आहे, हवं ते पान समोर येईपर्यंत. एसएसडीत फिरणारं काही नाही. नुसत्या चिप्स. कोणत्याही पानावर वाढायला सारखाच वेळ, आणि वाढपीही बरेच. मी एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची घेतली.

घरी येऊन जोडली, तर पडद्यावर 931 जीबी.

त्या दिवशी निफाडहून मामा आले होते. त्यांची कांद्याची चाळ आहे, त्यामुळे साठवण या विषयात आमच्या घराण्यात त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नाही. मी म्हटलं, "मामा, 69 जीबी कमी दिलं हो." ते म्हणाले, "तूट येतेच. किती दिवस झाले भरून?"

"आजच आणली."

"मग काटा बघ."

काट्याचंच होतं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात. त्यांचा एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट. संगणक मोजतो 1024 च्या पटीत. तेच बाइट त्यानं 1024 नं तीनदा भागले की 931 उरतात. एकही बाइट कुठे सांडलेला नाही. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे देणाऱ्याचा शेर वेगळा आन् घेणाऱ्याचा वेगळा. त्यात काय नवीन?"

मग त्यांना गोडी लागली. रॅम कशाला म्हणतात? म्हटलं, काम चालू असेपर्यंत लक्षात ठेवते, वीज गेली की सगळं पुसलं. "लाल कांदा. काढला की विकायचा, ठेवला की गेला." आणि हार्ड डिस्क? "उन्हाळ कांदा. चाळीत टिकतो." एसएसडीही टिकते, पण वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात पडू दिली तर तिच्यातला भार हळूहळू ओसरू शकतो, हे दुकानातल्या पोरानं बजावलं होतं. "मोड येतात म्हण की!" मामा खूश झाले.

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या संगणकात साठवण, मात्र त्यांना पटला नाही. "आपला माल, चाळ दुसऱ्याची. भाडं किती?" मी सांगितलं, गूगलच्या खात्यावर 15 जीबीपर्यंत फुकट. "फुकट चाळ देणारा माणूस मी अजून पाह्यला नाही," म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

या उत्साहात मी माळाही आवरायला घेतला. खोक्यात फ्लॉप्या निघाल्या. एकीत 1.44 एमबी. चिरंजिवांच्या फोनमधला चार एमबीचा एक फोटो ठेवायचा तर अशा तीन लागतील, एका डोळ्याला एक, दुसऱ्याला एक आणि नाकापासून खाली तिसरी. त्याखाली सीड्यांची चळत. मामांनी एक उचलून उजेडात फिरवली. भिंतीवर कवडसा नाचला.

"टाकायच्यात का? द्राक्षबागेला होतील. पाखरं बुजतात."

प्रिंटरबरोबर आलेल्या असणार, असं समजून मी सगळी चळत त्यांच्या पिशवीत घातली. वर ज्ञानही दिलं, की 1956 साली आयबीएमची पहिली हार्ड डिस्क आली, तिच्यात दोन दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून 50 लाख अक्षरं मावायची.

"दोन फूट?" मामा थबकले. "त्या कुठं मिळत्याल?"

जानेवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. सौ. म्हणाली, "अहो, लग्नाची सीडी लावू या." मी म्हटलं, "एसएसडीत घेतली असेल की." तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती पंचवीस वर्षांत जराही पुसट झालेली नाही.

रविवारी आम्ही तिघं मामांच्या बागेत. घडांत साखर भरायला लागलेली, आणि तारांवर ओळीनं सीड्या लटकलेल्या. एकीकडे आमचा प्रिंटर, एकीकडे 'संगणक शिका', आणि सातव्या ओळीत माझ्याच अक्षरात, स्केचपेननं, 'लग्न भाग 2'. चिरंजिवांनी ती उन्हात धरली. "बाबा, घरी भरलेल्या सीडीत माहिती रंगाच्या थरावर असते. ऊन लागलं की तो रंगच उडतो." भाग 2 मध्ये पंगत होती.

"आणि भाग 1? मंगलाष्टकं?" सौ.नं विचारलं.

"तिकडं बांधाकडं असंल," मामा म्हणाले. "पण काढू नका गं. तिकडं पाखरं लई येतात."